कम्युनिटी कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट: या चुका टाळा

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, नाव घालायला प्रवेश परीक्षा लागत नाही. अर्ज भरला की प्रवेश मिळतो, मग वय अठरा असो की पंचेचाळीस. अडतं ते पुढच्या पायरीवर. वर्गांची नोंदणी करायला जावं तर इंग्रजीचा आणि गणिताचा वर्ग निवडताच येत नाही, कारण वाचन, लेखन आणि गणित यांतली तुमची तयारी किती, हे कॉलेजला अजून कळलेलं नसतं. बऱ्याच राज्यांत ते प्लेसमेंट टेस्ट घेऊन ठरवतात.

आपल्या लोकांत या टेस्टपाशी तिघे अडतात. भारतात पदवी घेऊन एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) किंवा ग्रीन कार्डवर आलेल्या बायका, दहावी-बारावी तिकडे करून आईवडिलांबरोबर आलेली मुलं, आणि इथल्या हायस्कूलात असतानाच ड्युअल एन्रोलमेंटमधून कॉलेजचे विषय घेणारी मुलं. तिघांच्या चुका वेगळ्या, पण मुळाशी एकच समज असतो: यात कुणी नापास होत नाही, तर काळजी कशाची?

नापास होत नाही हे खरंच. पण गुण कमी आले की कॉलेज तुम्हाला डेव्हलपमेंटल, म्हणजे शाळेच्या पातळीची उजळणी करून घेणाऱ्या वर्गात घालतं. तिथे फी भरावी लागते, गृहपाठ असतो, सेमिस्टर जातं, आणि पदवीसाठी त्याचं क्रेडिट मिळत नाही. सरकारी आर्थिक मदत घेत असाल तर अशा वर्गांसाठी ती ३० सेमिस्टर क्रेडिटपर्यंतच मिळते. ईएसएलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवणारे वर्ग या मर्यादेत धरत नाहीत. भारतात बीएस्सी झालेली, शाळेत गणित शिकवलेली बाई इथे प्रीअल्जिब्राच्या वर्गात बसते तेव्हा तिला गणित येत नसतं असं नाही. एका दुपारी तयारीविना दिलेल्या टेस्टने तिचं वर्ष खाल्लेलं असतं.

टेस्ट द्यावी लागते का, हे न विचारताच देणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

टेस्ट हा तयारी दाखवण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. सॅट किंवा एसीटी या कॉलेज प्रवेश परीक्षांचे चांगले गुण, एपीचे (हायस्कूलात घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांचे) गुण, हायस्कूलचा जीपीए म्हणजे सरासरी श्रेणी, दुसऱ्या कॉलेजात घेतलेला इंग्रजी किंवा गणिताचा विषय, आधीची पदवी, यांतल्या एखाद्यावर अनेक कॉलेजं सूट देतात. टेक्सासात सॅटमध्ये वाचन-लेखनाला ४८० आणि गणिताला ५३० असले की राज्याची परीक्षा माफ होते. फ्लोरिडात २०१३ च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांना टेस्टचं बंधनच राहिलेलं नाही. कॅलिफोर्नियात २०१७ साली संमत झालेल्या एबी ७०५ या कायद्याने चित्र पार पालटलं. तिथली कम्युनिटी कॉलेजं हायस्कूलचे विषय आणि गुण पाहून वर्ग ठरवतात, आणि ज्यांच्याकडे ते कागद नाहीत त्यांना मार्गदर्शन देऊन स्वतः वर्ग निवडू देतात. फ्रीमाँटच्या ओलोनी किंवा क्युपर्टिनोच्या डी अँझाला जाणाऱ्या मुलाने न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या सल्ल्याने महिनाभर टेस्टची तयारी करण्यात अर्थ नाही. नियम राज्याचा असतो, बऱ्याचदा कॉलेजचाही. दुसऱ्या राज्यातला अनुभव कितीही आपुलकीने सांगितलेला असला तरी उपयोगाचा नसतो.

हा बदल उगीच झाला नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी २०१२ पासून दाखवून दिलं की केवळ टेस्टवर भिस्त ठेवली तर गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिनातला एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या वर्गात जातो. हायस्कूलचे गुण पाहिले तर अंदाज जास्त बरोबर येतो. म्हणून टेस्टच्या खोलीत शिरण्याआधी अ‍ॅडव्हायझरला एवढंच विचारा: माझ्याकडे हे कागद आहेत, यांवर मला सूट मिळते का?

कागद म्हणजे दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका. त्या नुसत्या टेबलावर ठेवून भागत नाही. महाराष्ट्र बोर्डात ६० टक्के म्हणजे प्रथम श्रेणी, ७५ म्हणजे विशेष प्राविण्य. अमेरिकन शाळेत ६५ टक्के म्हणजे जेमतेम पास. ६८ टक्क्यांची बारावीची गुणपत्रिका पाहून इथल्या कर्मचाऱ्याचा चेहरा पडला तर दोष त्याचा नाही. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्या, आणि तेही विषयवार. नुसती पदवी समकक्ष आहे एवढंच सांगणारा स्वस्तातला अहवाल इथे कामी येत नाही, कारण कॉलेजला तुम्ही कॅलक्युलस शिकलात की नाही हे हवं असतं. भारतातल्या विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट यायला वेळ लागतो. हे काम भारतात असतानाच उरकून आलात तर फार उत्तम.

एका परीक्षेऐवजी दुसरीची तयारी

टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षा मुख्यतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांच्या प्रवेशासाठी असतात. नर्सिंगला जाणाऱ्यांची टीझ ही त्या अभ्यासक्रमाची वेगळी परीक्षा आहे. ती दिली म्हणून प्लेसमेंट सुटत नाही आणि प्लेसमेंट दिली म्हणून टीझ टळत नाही. पुस्तक विकत घेण्याआधी परीक्षेचं नाव कॉलेजच्या पत्रात नीट वाचा. कुणी कंपास नावाच्या जुन्या प्लेसमेंट टेस्टचं पुस्तक दिलं तर ते बाजूला ठेवा, ती परीक्षा २०१६ च्या शेवटी बंद झाली.

सध्या सर्वात जास्त चालते ती कॉलेज बोर्डाची अ‍ॅक्युप्लेसर. वाचन, लेखन आणि गणिताचे तीन स्तर, लेखनाला २५ आणि बाकी प्रत्येकी २० प्रश्न, गुण २०० ते ३०० च्या दरम्यान. टेक्सासात राज्याची टीएसआयए-२ असते, ती जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तिच्यात गणिताला ९५० आणि इंग्रजीला ९४५, सोबत निबंधाला ५, एवढे मिळाले की थेट कॉलेजच्या पातळीचा वर्ग मिळतो. गुण कमी पडले तर लगेच दुसरा, जास्त प्रश्नांचा भाग समोर येतो आणि त्यात चांगलं केलंत तरी काम होतं. अनेक जण पहिला भाग गेला असं समजून तो दुसरा भाग कसाबसा उरकतात. तसं करू नका, तिथे खरी दुसरी संधी असते. आणि टेक्सासात परीक्षेआधी एक ऑनलाइन प्री-असेसमेंट पूर्ण करावं लागतं. ते केलं नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत.

"गणित तर आपल्याला येतंच"

येतं, पण पंधरा वर्षांपूर्वी, हातात पेन असताना आणि आपल्या पद्धतीने. इथे स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, काही ठरावीक प्रश्नांपुरताच तो पडद्यावर दिसतो. त्यामुळे अपूर्णांकांची बेरीज, दशांशाचा भागाकार, शेकडेवारी हे सगळं कागदावर हाताने करायची सवय पुन्हा लावावी लागते. लोक चुकतात ते वर्गसमीकरणात नाही, तीन पूर्णांक पाच अष्टमांशमधून एक पूर्णांक तीन चतुर्थांश वजा करताना.

दुसरा अडथळा मापांचा. शाब्दिक उदाहरणांत फूट, इंच, पाउंड, औंस, गॅलन येतात. १२ इंचांचा फूट आपल्याला ठाऊक असतो, पण १६ औंसांचा पाउंड आणि ४ क्वार्टचा गॅलन चटकन आठवत नाही. निकेल म्हणजे ५ सेंट, डाइम म्हणजे १०, क्वार्टर म्हणजे २५. नाणी मोजण्याच्या उदाहरणात हे धरून चालतात, कुणी सांगत बसत नाही. आपण ज्याला ट्रॅपिझियम म्हणून शिकलो तो इथे ट्रॅपेझॉइड. रेषेच्या समीकरणात शेवटी सी ऐवजी बी लिहितात. बोडमासच्या जागी पेमडास, नियम तोच. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी लसावि-मसावि, छेद-अंश, चल-स्थिरांक यांची इंग्रजी नावं एका वहीत लिहून काढावीत. उत्तर माहीत असून प्रश्नच न कळणं याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही नाही.

परीक्षेची चालही समजून घ्या. ही अ‍ॅडॅप्टिव्ह परीक्षा आहे: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेत आधी सोपे सोडवून अवघड शेवटी ठेवायची जी शिस्त आपल्या अंगी मुरली आहे, ती इथे चालत नाही. पण अ‍ॅक्युप्लेसरच्या बहुविध पर्यायी भागांना वेळेची मर्यादा नसते. घाई करणाऱ्याला इथे काहीही बक्षीस नाही. कच्चं गणित कागदावर पूर्ण करा, पडताळा, मगच पुढे जा. एक भाग संपल्यावर दमलात तर थोडी विश्रांती मागून घ्या.

आणि कोणता गणिताचा भाग द्यायचा, हे विचारायला संकोचू नका. मानसशास्त्र किंवा इतिहास घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्राचा विषय पुरतो. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्याला मात्र कॅलक्युलसची साखळी गाठायची असते: कॉलेज अल्जिब्रा, प्रीकॅलक्युलस, मग कॅलक्युलसचे तीन भाग. एक पायरी खाली नेमणूक झाली की पूर्ण साखळी एका सेमिस्टरने मागे सरकते. अशा विद्यार्थ्याने वरच्या स्तराचा, अ‍ॅडव्हान्स्ड अल्जिब्रा अँड फंक्शन्स हा भाग मागून घ्यावा.

निबंध

काही कॉलेजं राइटप्लेसर नावाचा निबंध घेतात. छोटा उतारा देतात, त्यावर एक प्रश्न, आणि तुम्ही साधारण ३०० ते ६०० शब्दांत आपली बाजू मांडायची. गुण बहुतेक वेळा संगणकच देतो, तोही लगेच. शाळेत आपण निबंध सुभाषिताने सुरू करायचो, दोन्ही बाजू सारख्या तोलायचो आणि शेवटी मधला मार्ग सांगायचो. इथे ते भरकटलेलं वाटतं. पहिल्या परिच्छेदात तुमचं मत सरळ लिहा. पुढच्या प्रत्येक परिच्छेदात एक कारण आणि एक ठोस उदाहरण द्या. उदाहरण आपल्या गावचं चालतं, गणपती मंडळाचं, एसटीच्या प्रवासाचं, दुकानात केलेल्या नोकरीचं, काहीही. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची आपली सवय इथे हमखास गुण घालवते.

मातृभाषेचा चौकोन

अर्जात मातृभाषा विचारतात. मराठी असं प्रामाणिकपणे लिहिलं की काही कॉलेजं तुम्हाला आपोआप ईएसएलच्या वेगळ्या परीक्षेकडे पाठवतात. खोटं लिहू नका. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर त्याचा कागद दाखवून नेहमीची परीक्षा मागा. उलटही सांगते: वाचायला-बोलायला अजून जड जात असेल तर ईएसएल घेण्यात कसलाही कमीपणा नाही. लाजेपोटी तो टाळून थेट इतिहास, समाजशास्त्र घेतलेल्या बायका आठवड्याला तीन लेख लिहिताना रडकुंडीला येतात. ते वर्ग चांगले असतात, शिक्षक जीव ओतून शिकवतात, आणि काही कॉलेजांत त्याची क्रेडिटं पदवीतही धरतात.

उशीर, ओळखपत्र आणि घरची मदत

फॉल सेमिस्टर बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. टेस्ट ऑगस्टच्या मध्यावर दिली तर संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग भरून गेलेले असतात, म्हणून मे-जूनमध्येच मोकळे व्हा. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि त्यावरचं नाव व अर्जातलं नाव एकच हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव इथे अनेकींना अडवतं. परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर देता येत असेल तर खोलीत दुसरं कुणी नको. नवऱ्याने किंवा मुलाने शेजारून उत्तरं सांगणं ही फसवणूक तर आहेच, शिवाय त्याने मिळालेल्या वरच्या वर्गात पुढचे चार महिने तुम्हालाच बसायचं असतं. अपंगत्वामुळे वाचक, मोठी अक्षरं किंवा वेगळी खोली हवी असेल तर ती आधी मागावी लागते, त्या दिवशी मिळत नाही.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. मूल कॉलेजचा विषय घेऊ लागलं की त्याच्या कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क, फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे, त्याचा स्वतःचा होतो, मग ते सोळा वर्षांचं का असेना. गुण विचारायला तुम्ही फोन केलात आणि समोरून काही सांगितलं नाही तर ते उद्धट वागत नाहीत. मुलालाच बोलू द्या.

गुण कमी आलेच तर

आधी गुणपत्रक नीट पाहा. एकूण आकड्याबरोबर कोणत्या भागात कमी पडलं तेही त्यात असतं. फेरपरीक्षेचे नियम कॉलेजनुसार बदलतात: कुठे काही दिवस थांबावं लागतं, कुठे शुल्क असतं, कुठे आधी उजळणी केल्याचा पुरावा मागतात. कॉलेज बोर्डाचा अ‍ॅक्युप्लेसरचा सराव फुकट आहे, आणि खान अकॅडमीवर अपूर्णांकांपासून सगळं मिळतं. दोन-तीन आठवडे रोज तासभर दिलात तर जुनं गणित परत येतं, कारण ते मुळात शिकलेलं असतं.

दुसरा रस्ता कोरिक्विझिटचा. कॉलेजच्या पातळीचा वर्ग आणि त्याला जोडून मदतीचा छोटा वर्ग, दोन्ही एकाच सेमिस्टरमध्ये. टेनेसीने २०१५ मध्ये हे राज्यभर केलं, टेक्सासात २०१७ च्या कायद्याने आलं, आता अनेक राज्यांत आहे. पात्रतेच्या थोडे खाली असलेल्यांनी हाच मागावा असं माझं मत आहे. वेगळ्या डेव्हलपमेंटल वर्गात सेमिस्टर घालवण्यापेक्षा केव्हाही बरा.

तिसरा रस्ता विभागप्रमुखांकडे जातो. गुण एक सांगतात आणि तुमच्या गुणपत्रिका दुसरं सांगतात, असं असेल तर लेखी अर्ज करून पुन्हा विचार करायला सांगता येतं. आणि नेमणूक मान्य करून वर्गात बसलात, पहिल्याच आठवड्यात सगळं आधीच येतंय असं दिसलं, तर प्राध्यापकांना तासानंतर भेटा. अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे वर्ग घेण्या-सोडण्याची मुदत संपेपर्यंत ते तुम्हाला वरच्या वर्गात हलवायची शिफारस करू शकतात. ही मुदत साधारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच संपते आणि त्यानंतर पूर्ण फी परत मिळत नाही, त्यामुळे ती तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.