आईबाबांचा मेंदू स्लो झालाय का, घरच्या घरी कसं बघायचं

नाव पटकन न आठवणं, मग चहा पिताना अचानक आठवणं, हे वयाचं असतं, त्याला घाबरू नका. बघायचं ते नवीन शिकणं. फोनवर नवीन अ‍ॅप दाखवा, किंवा बोलताबोलता पाच वस्तूंची यादी सांगा आणि वीसेक मिनिटांनी विचारा. नाही आठवलं तर हिंट द्या, "भाजी होती बघ एक". हिंटने आठवलं तर बहुतेक वेळा स्पीडचा प्रश्न असतो, पण हिंट देऊनही "असं कधी बोललास?" आलं आणि हे वारंवार होत असेल तर डॉक्टरकडे जायचंच. तुलना शेजारच्या काकांशी नको, आईबाबांच्याच दोन वर्षांपूर्वीशी करा, म्हणजे हिशेब चोख ठेवणारा माणूस आता लाइटबिलात अडकतोय का वगैरे.

आणि लगेच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा आजार) म्हणू नका हां. बी१२ कमी असणं, थायरॉइडचा त्रास, ऐकू कमी येणं, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, यानेही डोकं असंच चालतं आणि यातलं बरंचसं सुधारतं, त्यामुळे चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. दोन दिवसांत एकदम गोंधळ वाढला तर मात्र थेट हॉस्पिटल.