पंचविशीत वजनाआधी कंबर मोजा

अंगाने सडपातळ असलेल्या तरुणाला मधुमेहाची धास्ती सहसा वाटत नाही, आणि भारतीयांच्या बाबतीत हीच निश्चिंती फसवी ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के निघाली.

मधुमेहाचा धोका वाढवणारी ही चरबी वजनावरून कळत नाही, पोटाच्या घेरावरून तिचा अंदाज येतो; म्हणून शिंप्याची टेप हाती घ्यावी. सरळ उभे राहून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर ती आडवी धरावी आणि सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढण्याचा मोह आवरावा. पँटच्या मापावर विसंबू नये, कारण पोट सुटलेल्यांची पँट बहुधा पोटाखालीच बसते. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

ती ओलांडली असेल, किंवा आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर तिशीची वाट न पाहता किमान आठ तास उपाशी राहून रक्तातील साखर आणि सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के आल्यास ती मधुमेहाची पूर्वावस्था समजतात.

सवयींपैकी आधी चहाचा हिशेब करावा. दिवसातून पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हटले, तरी चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना ती शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. ताटात भात कमी करून उसळ वाढवावी. जेवण झाल्यावर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण हालणारे स्नायू इन्शुलिनची (रक्तातील साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाची) फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका काढाव्यात. त्यासाठी जिमची वर्षभराची फी भरलीच पाहिजे असे नाही. सिगारेटनेही मधुमेहाचा धोका वाढतो.

पूर्वावस्था आढळल्यास तपासणी दरवर्षी करावी. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ व त्याहून अधिक आल्यास, अथवा सतत तहान, वारंवार लघवी आणि विनाकारण वजन घटणे अशी लक्षणे दिसल्यास, घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे.