चोराच्या नजरेने आपला धंदा कसा तपासावा

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?" भोसरीच्या वर्कशॉपमध्ये असो की मार्केट यार्डातल्या गाळ्यावर, हा प्रश्न मला ठरलेला असतो. पण धंदा केवढा आहे हे सायबर चोर नंतर बघतो. कुठलं दार उघडं आहे आणि कुणाच्या एका शब्दावर पैसे हलतात, हे आधी बघतो. म्हणूनच 'अँटिव्हायरस टाका, झालं' असा सल्ला देणाऱ्यांची मला चीड येते. खोटा खाते नंबर घेऊन आलेल्या मेलमध्ये व्हायरस नसतोच.

सुरुवात बाहेरून करा. आपल्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर इंटरनेटवर शोधा. पत्ता, मालकाचं नाव, वेबसाइटवर अकाउंटंटचा ईमेल, फेसबुकवर 'साहेब प्रदर्शनासाठी जर्मनीत'. अर्ध्या तासात जे तुम्हाला सापडतं ते चोरालाही सापडतं. नको ते काढून टाका.

मग आपल्यामार्फत कुणापर्यंत पोहोचता येतं ते बघा. 2013 साली अमेरिकेतल्या 'टार्गेट' या दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली. चोर शिरले होते ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचं लॉगिन वापरून. मोठ्या कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन तुमच्याकडे असेल, तर तेवढ्यासाठीसुद्धा तुम्ही कामाचे आहात.

नोकरी सोडून गेलेल्यांची लॉगिनं बंद करा, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारी सोय) चालू करा. घरून टॅली बघता यावी म्हणून कुणी राऊटरमधून रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवायची सोय) उघडं ठेवलं असेल, तर ते आजच बंद करा. अशी दारं शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. बॅकअपची एक प्रत संगणकापासून काढून ठेवा.

आता खरी अवघड जागा, पैसे जिथून हलतात ती. इथे मी स्वतः चुकलो आहे.

सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे संगणक मी सांभाळायचो. तिथे नेहमीच्या पार्टीचं बिल आलं. तेच लेटरहेड, तोच शिक्का, खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार. 'ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, नव्या खात्यात भरा.' अकाउंटंट बाईंनी आरटीजीएस केला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसले होते. स्क्रीनवर नाक टेकवल्याशिवाय फरक कळत नव्हता.

मी कारखान्याच्या मेलचा पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी लावली आणि काम संपलं असं समजलो. तीन आठवड्यांनी आमच्याच एका ग्राहकाला आमच्या नावाचं खोटं बिल गेलं, रक्कम रुपयापर्यंत बरोबर. दोन दिवस शोधल्यावर मेलच्या सेटिंगमध्ये एक फिल्टर सापडला. 'पेमेंट' शब्द असलेल्या प्रत्येक मेलची प्रत एका परक्या पत्त्यावर जात होती. पासवर्ड बदलल्याने असा फिल्टर जात नाही, तो हातानेच काढावा लागतो.

म्हणून पैशांचे व्यवहार होतात ती प्रत्येक मेलपेटी संगणकावर उघडा. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर दिसत नाहीत. जीमेलमध्ये 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' बघा, आउटलुकमध्ये 'रूल्स' बघा. आपण न लावलेलं काही दिसलं, तर फोटो काढून ठेवा आणि मगच पुसा.

दुसरा नियम: खाते नंबर बदलल्याचं कळलं की फोन करायचा, आणि तोही आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर. मेलमध्ये दिलेला नंबर चोराचाच असू शकतो. व्हॉट्सॲपवरचं 'हो' मी धरत नाही. पार्टी वीस वर्षांची असली तरी सूट नाही.

आणि मालकांनो, हे तुमच्यासाठी. 'अर्जंट आहे, मीटिंगमध्ये आहे, लगेच भर' असा तुमच्या नावाने मेल आला, तर तुमचा अकाउंटंट उलट विचारायला धजेल का? साहेबांना कसं विचारायचं, या भीतीवरच चोराची सगळी भिस्त असते. सगळ्यांसमोर सांगा: "माझा मेल असला तरी मला फोन कर, मी चिडणार नाही." आणि मग खरंच चिडू नका. एकदा खेकसलात, तर पुढचा फोन येणार नाही.

इतकं करूनही पैसे गेलेच, तर घरातल्या घरात चौकशी करत बसू नका. त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं, तरच ती रोखून धरता येते. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) हाताशी ठेवा.