सिंकला वास येतोय, गुडगुडतंय? काही ओतायच्या आधी या चुका टाळा

सिंकमधून वास यायला लागला की आपल्या इंदूरच्या घरांतून जे हाताशी असेल ते आत ओतलं जातं, उकळतं पाणी, सोडा-व्हिनेगर, नाहीतर सरळ टॉयलेटचं अ‍ॅसिड. सगळ्यात मोठी चूक हीच, कारण बऱ्याच वेळा पाइप तुंबलेलाच नसतो. आधी वास कुठून येतोय ते शोधा. रात्री भांडी झाली की जाळीवर ओलं फडकं घट्ट दाबून ठेवा, खालच्या कपाटाचं दार लावा आणि सकाळी बघा. कपाट उघडल्यावर भपकारा आला तर गडबड खाली आहे, फडकं उचलल्यावर आला तर ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकच्या खाली लागलेल्या, थोडं पाणी अडवून ठेवणाऱ्या वाटीसारख्या भागात.

खालची गडबड म्हणजे काय, तर तो पांढरा फ्लेक्सिबल पाइप भिंतीतल्या मोठ्या पाइपात नुसता खोचलेला असतो, भोवती बोटभर फट, आणि गटाराची हवा तिथून थेट किचनमध्ये. वरून काहीही ओता, फरक पडणार नाही. हार्डवेअरवाल्याकडून मापाची रबर रिंग आणून बसवा, कडेनी सिलिकॉन लावा. सिमेंट नको, उद्या पाइप काढायचा झाला तर फोडाफोड करावी लागते.

आता ट्रॅप. बॉटल ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलीमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम अडून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. काही घरांत ट्रॅपच नसतो, तो आधी लावून घ्या. मे महिन्यात घर बंद करून पुण्याला जाऊन आलात आणि किचनमध्ये वास भरलेला असेल तर ते पाणी उन्हाळ्यात सुकलंय एवढंच, दोन-तीन मग पाणी सोडा, झालं.

सुकलेला नसेल तर साफ करा. खाली बादली ठेवा, ट्रॅपची खालची वाटी हातानीच फिरवून काढा, पाना लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. आत राखाडी, बुळबुळीत, साबणासारखा मऊ गोळा सापडेल, बोटानी दाबला की तुपकट लागतो. तूप, तेल आणि साबण मिळून तो बनतो, आणि ज्यांच्याकडे बोरिंगचं जड पाणी येतं त्यांच्याकडे जास्तच जमतो. जुन्या ब्रशनी घासा, वॉशर नीट बसवा, पाणी सोडून जोडाला कोरडा कागद लावून बघा. सिंकच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं भोक असेल तर तेही बाटलीच्या ब्रशनी घासा, हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

गुडगुड आणि वास बहुतेक जोडीनी येतात. पाणी खाली जाताना मागून हवा लागते, पुढे पाइप अर्धवट तुंबला असेल किंवा व्हेंट, म्हणजे लाइनमध्ये हवा यायचा गच्चीवर उघडणारा पाइप, बंद असेल तर ती हवा ट्रॅपमधूनच ओढली जाते, उलटी केलेली बाटली करते तसा आवाज येतो, कधीकधी ट्रॅपचं पाणीही खेचलं जातं आणि मग वासाला रस्ता मोकळा. तुमचं सिंक रिकामं होतानाच आवाज येत असेल तर तुमचा पाइप बघा. वरच्या मजल्यावर पाणी सोडलं की तुमच्याकडे गुडगुडत असेल तर बिल्डिंगची मेन लाइन किंवा गच्चीवरचं व्हेंटचं तोंड तपासायला सोसायटीला सांगा, आपल्या सिंकमध्ये काही ओतून ते सुटत नाही.

अ‍ॅसिडनी स्टीलच्या सिंकला खड्डे पडतात, आणि अ‍ॅसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, जिवावर बेतू शकतं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ड्रेनची कॉस्टिक पावडर टाकून वर रबरी पंप मारू नका, डोळ्यांत उडतं. सोडा आणि व्हिनेगर तर एकमेकांनाच मारतात, फेस दिसतो पण चिकट थर तसाच राहतो. उकळत्या पाण्यानी तूप वितळतं खरं, पण पुढे जाऊन परत थिजतं, तेही भिंतीतल्या पाइपात जिथे हात पोचत नाही, आणि पीव्हीसी नरम पडतो ते वेगळंच.

रविवारी दाल-बाफले झाले की ताटांतलं तूप आधी जुन्या पेपरनी पुसून घ्या, मगच धुवा. चहाचा चोथा, भाताची शितं ओल्या कचऱ्यात टाका, गाडी दारात येतेच. ट्रॅप साफ करूनही पाणी तुंबत असेल तर अडथळा भिंतीत आहे, प्लंबर भैयाला पाइपात घालून अडथळा काढायची लांब स्प्रिंग घेऊनच यायला सांगा, आणि आत अ‍ॅसिड किंवा पावडर टाकली असेल तर पाइप उघडायच्या आधी त्याला ते स्पष्ट सांगा.