रिलीफ पिचर आला की स्कोअरशीट कशी भरावी

अमेरिकेत मुलाच्या बेसबॉल सामन्याला गेलेल्या पालकाच्या हातात केव्हा स्कोअरची वही येईल, सांगता येत नाही. सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा), म्हणजे स्टार्टर, टिकून आहे तोवर काम सोपं असतं, खरी कटकट तो बदलून नवा, म्हणजे रिलीफ पिचर, आला की सुरू होते. क्रिकेटमध्ये बोलर बदलला की पुढच्या धावा नव्या बोलरच्या नावावर जातात. बेसबॉलमध्ये तसं नाही. इथे दिलेले नियम मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे, आहेत. मुलांच्या लीगमध्ये थोडाफार फरक असतो.

१. आधी रेघ मारा. नवा पिचर आला की त्या जागी ठळक रेघ ओढा आणि बाजूला पाच गोष्टी लिहा: कितवी इनिंग, किती बाद, कोणत्या बेसवर रनर (बेसवर पोहोचलेला खेळाडू), आघाडी किती, आणि बॅटरचा काउंट (आधी बॉल म्हणजे बाहेर गेलेले चेंडू, मग स्ट्राइक म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू). आळस करू नका. पुढचे जवळपास सगळे निर्णय याच नोंदीवर ठरतात आणि सामना संपेपर्यंत यातलं काहीही आठवत नाही.

२. धावा वाटा. आधीच्या पिचरने जितके रनर बेसवर ठेवले, जास्तीत जास्त तितक्या धावा त्याच्या. इथे माणसं नव्हे, संख्या मोजायची. समजा, स्टार्टर 'अ'ला वॉक (चार बॉल झाल्याने मिळणारा फुकटचा पहिला बेस) देऊन बाहेर गेला. नव्या पिचरसमोर 'ब'ने जमिनीवरून चेंडू मारला, 'अ' दुसऱ्या बेसवर बाद झाला आणि 'ब' पहिल्या बेसवर पोहोचला. मग 'क'ने होमरन मारला आणि दोघांच्याही धावा झाल्या. 'ब'ची धाव स्टार्टरच्या नावावर, जरी त्याने 'ब'ला एकही चेंडू टाकलेला नसला तरी! नव्या पिचरच्या नावावर फक्त 'क'ची धाव. मात्र 'अ' बेस चोरताना किंवा पिकऑफमध्ये (पिचरने बेसकडे चेंडू फेकून रनरला बाद करणं), म्हणजे बॅटरने काही न करता बाद झाला, तर स्टार्टर सुटला.

३. काउंट पाहा. बॅटर खेळत असतानाच पिचर बदलला आणि त्या बॅटरला वॉक मिळाला, तर बदलाच्या क्षणीचा काउंट बघा. २-०, २-१, ३-०, ३-१ किंवा ३-२ असेल तर वॉक आणि तो बॅटर दोन्ही जुन्या पिचरचे. २-२, १-० वगैरे असेल तर नव्याचे. पण त्याच बॅटरने हिट मारला किंवा त्याला चेंडू लागला, तर काउंट काहीही असो, तो नव्याच्याच नावावर.

४. विजय कोणाचा ते ठरवा. नऊ इनिंगच्या सामन्यात स्टार्टरला विजयासाठी पाच इनिंग टाकाव्या लागतात. एरवी संघाने निर्णायक आघाडी घेतली तेव्हा जो पिचर नोंदीवर असेल (म्हणजे त्या वेळी संघाचा शेवटचा पिचर), विजय त्याचा. आघाडी असताना स्टार्टर पाचच्या आत गेला, तर सर्वांत परिणामकारक रिलीफ पिचर स्कोररने निवडायचा. एका इनिंगहून कमी टाकून दोन किंवा जास्त अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातल्या चुकांविना झालेल्या धावा) देणाऱ्याला डावलून त्याच्या मागून आलेल्याला विजय देण्याची मुभाही स्कोररला आहे. माझ्या मते ती सढळ हाताने वापरावी.

७ जुलै २००९ रोजी कोलोराडो रॉकीजचा अॅलन एम्ब्री आठव्या इनिंगमध्ये आला, बॅटरला एकही चेंडू न टाकता त्याने पहिल्या बेसवरचा रनर पिकऑफ केला आणि इनिंग संपवली. रॉकीजनी लगेच आघाडी घेतली, सामना ५-४ असा जिंकला आणि विजय एम्ब्रीच्या नावावर लागला.

५. सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामना संपवणाऱ्या रिलीफ पिचरला मिळणारं श्रेय, तपासा. ही नोंद १९६९ पासून अधिकृत आहे. जिंकलेल्या संघाकडून सामना संपवणारा, विजय न मिळालेला आणि किमान एक खेळाडू बाद केलेला पिचर घ्या. मग तीनपैकी एक अट पुरे: जास्तीत जास्त तीन धावांची आघाडी असताना येऊन किमान एक पूर्ण इनिंग टाकली, किंवा येताना बरोबरीची धाव बेसवर, बॅटिंगला किंवा त्यामागच्या बॅटरच्या रूपात होती, किंवा शेवटच्या किमान तीन इनिंग परिणामकारकपणे टाकल्या.

दुसऱ्या अटीत लोक हमखास फसतात. तिन्ही बेस भरलेले असतील तर पाच धावांच्या आघाडीतही सेव्ह मिळते: तीन रनर, चौथा बॅटर, पाचवा रांगेतला. तिसरी अट तर हास्यास्पदच. २२ ऑगस्ट २००७ रोजी टेक्सास रेंजर्सनी बाल्टिमोर ओरिओल्सना ३०-३ असं धुतलं. वेस लिटलटन आला तेव्हा धावफलक १४-३ होता, त्याने तीन इनिंग टाकल्या आणि नियमानुसार सेव्ह घेतली. सामना 'वाचवायला' उरला होताच कुठे! पण वहीत लिहावी लागते.

६. आडवळणाची प्रकरणं. नियमित हंगामातल्या सामन्यांत जादा इनिंगमध्ये २०२० पासून दुसऱ्या बेसवर आपोआप रनर ठेवतात. त्याची धाव अनअर्न्ड असते, त्यामुळे पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे अर्न्ड रनची सरासरी) वाढत नाही, पराभव मात्र त्याच्या नावावर जाऊ शकतो. म्हणजे एकही हिट वा वॉक न देता हरणं शक्य आहे. त्याच वर्षापासून रिलीफ पिचरला किमान तीन बॅटरना सामोरं जावं लागतं. इनिंग संपली किंवा दुखापत झाली तरच सूट.

आणि नाव जाहीर झालेला पिचर सराव करतानाच जायबंदी झाला तर? १५ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टन अॅस्ट्रोजच्या लॅरी याउंटचं हेच झालं. एकही अधिकृत चेंडू नाही, एकही बॅटर नाही, पण सामन्यातली हजेरी लागली. पुढे मेजर लीगमध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. अशा वेळी पिचरच्या रकान्यात नाव लिहा आणि पुढे सगळीकडे शून्य भरा.