नदीकाठची सायकलसफर: उतारापेक्षा वारा बघा
वाहनमुक्त नदीकाठच्या वाटेवर बहुतेक जण प्रवाहाच्या दिशेने निघतात. युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठी जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला जाणारेही तसेच. पण मोठ्या नदीचा उतार किलोमीटरमागे बऱ्याचदा एक मीटरही नसतो, पायांना तो कळतसुद्धा नाही. कळतो तो समोरचा वारा. डोंगरांमधल्या खोऱ्यात, आकाश निरभ्र असेल तर, ऊन तापलं की वारा खालून वर, उगमाकडे वाहू लागतो. रात्री उलटा फिरतो. म्हणून प्रवाहाबरोबर जायचं असेल तर उजाडताच निघा आणि मोठा टप्पा दुपारच्या आत उरका. खडीची वाट असेल तर टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. आणि घंटी हवीच! इथे पायी चालणारी माणसं, मुलं निर्धास्त असतात. त्यांना दुरूनच चाहूल द्या.