निकोबारला दीर्घकाळ स्वयंसेवक म्हणून जाताना सामान कसे बांधावे

मराठवाड्यातला माणूस दूरच्या बेटावर स्वयंसेवक म्हणून जायला निघतो, तेव्हा नकळत तो आपल्याच उन्हाळ्याची तयारी करतो. ग्रेट निकोबारवरील कॅम्पबेल बेसारख्या ठिकाणी मात्र उन्हापेक्षा ओल अधिक छळते. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे तो ३००० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मे ते डिसेंबर लांबतो. त्यामुळे कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी ती दमट हवेत टिकेल का, हे आधी पाहावे.

सर्वप्रथम ज्या संस्थेमार्फत जाणार, तिच्याकडून राहण्याच्या जागी वीज किती तास असते, पाणी उकळण्याची सोय आहे का आणि बाजार किती दूर आहे, याची माहिती घ्यावी. कॅम्पबेल बे परिसरात १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवण्यात आली, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. तांदूळ, डाळ, साबण तेथे मिळतात. पण बहुतेक माल जहाजानेच येतो आणि समुद्र खवळला की तो लांबणीवर पडतो. म्हणून जे तेथे मिळणार नाही तेच न्यावे: चष्म्याचा दुसरा जोड, नेहमीची औषधे, आपल्या मापाची पादत्राणे.

त्यानंतर कागदपत्रे. आदिवासी राखीव क्षेत्रात जाण्यासाठी १९५६ च्या नियमावलीनुसार प्रशासनाचा पास लागतो; तो संस्थेकडून आधीच निश्चित करून घ्यावा. ओळखपत्राच्या प्रती आणि छायाचित्रे जलरोधक पाकिटात ठेवावीत, थोडी रोख रक्कमही जवळ असू द्यावी.

कपड्यांची निवड सर्वांत विचारपूर्वक करावी. जाड सुती कपडा कोरड्या हवेत सुखाचा असला, तरी दमट हवेत तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला वास येऊ लागतो. जीन्सची तर तेथे अडचणच होते. निघण्यापूर्वी श्रावणातल्या एखाद्या झडीच्या रात्री कपडे धुऊन बंद खोलीत टांगावेत आणि सकाळपर्यंत जे वाळतील तेवढेच निवडावेत. पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचे चार-पाच जोड पुरेसे होतात. पूर्ण बाह्या डासांपासून आणि किनाऱ्यावरील वाळूमाश्यांपासूनही वाचवतात. चामड्याच्या चपला, पट्टा आणि पाकीट घरीच ठेवावे, कारण त्यांवर बुरशी लवकर चढते. त्यांऐवजी मागे पट्टा असलेली रबरी सँडल घ्यावी. रेनकोटमध्ये घामानेच भिजायला होते, म्हणून माझ्या मते छत्रीच बरी. नायलॉनची दोरी आणि चिमटे विसरू नयेत.

औषधांसाठी डॉक्टरांना एकदा भेटावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन व दातांची तपासणी उरकून घ्यावी. निकोबारमध्ये मलेरियाचा उपद्रव जुना आहे. प्रतिबंधक गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा, मच्छरदाणी आणि अंगाला लावायचे मलम मात्र न्यावेच. बोटांच्या बेचक्यांतील बुरशीवरचे मलम, जंतुनाशक, ओआरएसच्या पुड्या आणि जहाज लागू नये म्हणून गोळ्या यांची वेगळी पिशवी करावी. प्रवाळावर खरचटलेली जखम सहज चिघळते, ती लगेच स्वच्छ धुवावी. नेहमीच्या गोळ्या किमान तीन महिन्यांच्या, चिठ्ठीसह घ्याव्यात.

हे बेट आपल्याहून बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि साडेपाच-सहाला अंधार पडू लागतो. त्यामुळे डोक्याला बांधायची विजेरी रोज लागते. समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू होऊन ग्रेट निकोबारपर्यंत पोचली आहे, तरी वाचायचे साहित्य आधीच डाउनलोड करून घ्यावे. मोबाइल, चार्जर आणि पॉवर बँक झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच चालते.

खाण्याच्या वस्तूंचा मोह आवरावा. ज्वारीच्या पिठाला दमट हवेत लवकर वास येतो, आणि शेंगदाण्याची चटणी खवट होते. कोरडा येसर, म्हणजे आमटीसाठीचे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ, मात्र लहान-लहान घट्ट डब्यांत भरून नेल्यास एक डबा उघडला तरी बाकीचे चांगले राहतात आणि तिथल्या भातावर येसर आमटीची सोय होते. धपाटे फक्त चेन्नईपर्यंतच्या रेल्वे प्रवासासाठी बांधावेत.

शेवटी वजन करावे. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान मोठ्या बॅगेत आणि ७ किलो हातात नेता येते. आपल्या तिकिटावरची मर्यादा तपासून घ्यावी. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून पुढचा समुद्रप्रवास असल्याने चाकांच्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी सोयीची ठरते. आत जाड प्लास्टिकचे अस्तर घालून त्यात सामान भरावे, आणि एक बदलता जोड, औषधे व कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठी बॅग एखाद्या दिवसाने मागे राहू शकते.